आधी लांडगा, मग स्वार

कुठल्याही चौकातला अश्वारूढ पुतळा आठवून बघा. आपण बघतो स्वाराकडे. त्याची तलवार, त्याचा फेटा, करारी चेहरा वगैरे. पण पुतळा फसलाय हे कशावरून कळतं? घोड्यावरून! मान जरा आखूड झाली, पाय जरा टेबलाच्या पायांसारखे झाले, की वरच्या स्वाराचा सगळा रुबाब खल्लास. तो बिचारा तलवार उपसून बसलेला असतो आणि आपल्याला मात्र जत्रेतलं लाकडी घोडं आठवत राहतं.

हाच फंडा अंगठ्याएवढ्या पुतळ्यालाही लागू पडतो. हो, अंगठ्याएवढ्या. या पानाचे जुने वाचक आता म्हणतील, ‘आली ही परत आपल्या बाहुल्यांवर!’ येणारच. बाहेर पाऊस आहे, ट्रेकवाल्यांच्या गर्दीने घाट जाम झालेत, आणि माझ्या टेबलावर एक गॉब्लिन लांडग्यावर बसून माझी वाट बघतोय.

नव्या मंडळींसाठी एका पॅरात सांगते. गेम्स वर्कशॉप या ब्रिटिश कंपनीने १९८३ मध्ये ‘वॉरहॅमर’ नावाचा खेळ आणला. टेबलावर दोन सैन्यं मांडायची, टेपने अंतर मोजून ती पुढे सरकवायची, फासे टाकून लढायचं. एल्फ, ऑर्क, गॉब्लिन, ड्रॅगन, सगळा जामानिमा. गॉब्लिन म्हणजे हिरवा, नाकाडा, भित्रा आणि तरीही भांडकुदळ प्राणी. आमच्या सोसायटीच्या कमिटीत असे दोन-तीन आहेत. टॉल्किनने १९३७ च्या ‘द हॉबिट’मध्येच गॉब्लिनांना लांडग्यांवर बसवलं होतं, तिथून ती जोडी इकडे आली. २०१५ मध्ये कंपनीने या खेळाचं अख्खं जगच गोष्टीत उडवून लावलं आणि मग २०२४ मध्ये ‘द ओल्ड वर्ल्ड’ या नावाने ते परत आणलं. तेव्हा आमच्यासारख्यांच्या कपाटातली जुनी सैन्यं पुन्हा बाहेर आली. या खेळातले सैनिक तुकड्यांत आणि बिनरंगाचे येतात. जोडायचे आपण, रंगवायचे आपण. काही लोक फक्त खेळतात, काही फक्त रंगवतात. मी नव्वद टक्के दुसऱ्या पार्टीत.

आता मुद्द्याचं. स्वार रंगवताना बहुतेक नवे लोक काय करतात? आठवडाभर स्वाराचं नाक, पट्टे, ढालीवरची नक्षी करत बसतात. मग रविवारी रात्री साडेअकराला लांडग्याला एक करडा हात, वरून एक काळपट वॉश, थोडा ड्रायब्रश, झालं. बेसवर वाळू चिकटवली की फोटो! आणि मग फोटो बघून विचारतात, यार, एवढी मेहनत केली तरी खेळण्यासारखा का दिसतोय? अरे बाबा, समोर जे दिसतंय त्यातला अर्ध्याहून जास्त भाग लांडगा आहे. उरलेल्यातला निम्मा बेस. तू रंगवलास तो राहिलेला चतकोर!

आता हा गॉब्लिन माझा नाही, हे सांगायला हवं. तो रूमीचा. रूमी म्हणजे माझी जुनी रूममेट. कर्वेनगरच्या एका फ्लॅटमध्ये आम्ही चार वर्षं एकत्र काढली. एक फ्रिज, एक मिक्सर, आणि डायनिंग टेबलाच्या नावाखाली एक प्लायवूडची फळी, जिच्यावर जेवण कमी आणि लढाया जास्त झाल्या. या गॉब्लिन सरदाराने त्या फळीवर माझ्या एल्फांना सहा वर्षं छळलं, तेही करड्या, बिनरंगाच्या अवस्थेत. ‘रंगवीन गं, घाई काय आहे’ हे तिचं पेटंट वाक्य. जुलैत तिला आइंडहोवनच्या एका कंपनीची ऑफर आली. फ्लाइट गणपतीच्या आधीच्या शनिवारी. एका संध्याकाळी आली, डबा टेबलावर ठेवला आणि म्हणाली, ‘सैन्य विकतेय. हा एकटा नेणार. तूच रंगव. लांडगा काळाकुट्ट हवा, डोळे लालभडक.’

मी म्हटलं, ‘काळा नाही करणार.’

‘अगं, माझा लांडगा आहे!’

‘हात माझा आहे.’

यावर आमचं चक्क भांडण झालं. काळ्या लांडग्याशी माझं वैर नाही. पण एवढ्या छोट्या आकारात काळा रंग सगळे आकार गिळून टाकतो. बरगड्या, मानेवरची आयाळ, पायाचे स्नायू, मूर्तिकाराने कोरलेलं सगळं दोन फुटांवरून एक काळा डाग दिसतं. त्यावर काळपट चामड्याचं खोगीर, काळपट लगाम. म्हणजे डागावर डाग. आणि लाल डोळे? एलईडी लावलेल्या रिक्षासारखं दिसतं ते.

शिवाय आम्ही दोघींनी खरा लांडगा बघितलाय. तीन वर्षांपूर्वी डिसेंबरात इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या माळावर. पहाटे साडेसहाला, गाडीतल्या थर्मासमधला चहा पिताना. तो जेमतेम वीस सेकंद दिसला. गवतात गेला आणि गवतच झाला. आपला भारतीय लांडगा युरोपातल्या त्याच्या भावंडांपेक्षा अंगाने किरकोळ, केस आखूड. रंग वाळक्या गवताचा, पाठीवर मात्र केसांची टोकं काळी, पोट आणि पायांची आतली बाजू फिकट. त्याला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वाघाच्याच यादीत ठेवलंय. आणि तो जिथे राहतो त्या माळरानांची नोंद सरकारी कागदांवर वर्षानुवर्षं ‘पडीक’ म्हणून होत आलीय. असो, तो वेगळा कॉलम होईल.

मी रूमीला तो फोटो पाठवला. फोटोत लांडगा नाहीच, फक्त गवत आणि तिचा मफलर. बऱ्याच वेळाने उत्तर आलं : ‘पाठीवर काळा मात्र भरपूर घाल.’ डन!

आता काम. हा सरदार रेझिनचा आहे. रेझिनचे भाग साच्यातून सुटावेत म्हणून त्यांना एक तेलकट थर दिलेला असतो, तो भांड्यांच्या साबणाने जुन्या टूथब्रशने घासून काढायचा, नाहीतर रंग पापुद्र्यासारखा निघतो. साच्याच्या जोडाच्या बारीक रेषा कटरच्या पाठीने खरवडायच्या. रेझिन घासताना ओल्या पॉलिश पेपरने घासा आणि तोंडाला मास्क लावा. ती भुकटी फुफ्फुसाला अजिबात चांगली नाही. प्लॅस्टिकचं मॉडेल जोडायला प्लॅस्टिक सिमेंट लागतं, ते प्लॅस्टिक किंचित विरघळवून सांधतं. रेझिनला त्याचा शून्य उपयोग. इथे आपलं फेविक्विक.

पण थांबा, स्वार लांडग्यावर चिकटवायचा नाही. दोघं वेगवेगळे रंगवायचे. एकदा स्वार बसला की खोगीर, लांडग्याची पाठ आणि स्वाराच्या मांड्यांची आतली बाजू, कुठेच ब्रश पोचत नाही. चिकटवण्याआधी एकदा कोरडं बसवून मात्र बघा. मांडी आणि खोगीर यांच्यात फट दिसली तर ती आत्ताच बुजवायची. गॉब्लिन लांडग्यावर बसलेला दिसला पाहिजे, तरंगणारा नको. परदेशी लोक यासाठी निळी आणि पिवळी पट्टी मळून होणारी हिरवी पुट्टी वापरतात. हार्डवेअरच्या दुकानातलं एम-सील फटीपुरतं चालतं, फक्त ते जरा खरखरीत असतं आणि पटकन वाळतं, म्हणून वाटाण्याएवढंच मळा. खोगिराला तेल लावून स्वार त्यावर दाबा, म्हणजे पुट्टी स्वाराला चिकटेल आणि खोगिरावरून सुटून येईल.

पुढची अडचण पुण्याचा पाऊस. स्प्रे प्रायमर ओल्या हवेत मारला की मॉडेलवर पिठूळ थर बसतो. फ्लॅटच्या बंद खोलीत तर तो मारूच नका, सॉल्व्हंट नाकात जातं आणि शेजारच्या काकू बेल वाजवतात. त्यामुळे पावसाळ्यात ब्रशने लावायचा पाण्यावरचा प्रायमर झिंदाबाद. गडद तपकिरीचे दोन पातळ हात, आणि वाळल्यावर वरून पांढऱ्याचा ड्रायब्रश. म्हणजे ब्रशवरचा रंग टिश्यूला पुसून जवळजवळ कोरडा करायचा आणि उंचवट्यांवरून हलके फिरवायचा. उजेड वरून पडल्यावर कुठे ऊन, कुठे सावली, हा सगळा नकाशा आधीच तयार होतो. पुढचे रंग पातळ ठेवले की तो खालून दिसत राहतो.

रंग पातळ करायला वेट पॅलेट हवीच. श्रीखंडाचा चपटा डबा, तळाला ओला स्पंज, वर बटर पेपर. रंग तासन् तास वाळत नाही. विकतची घ्यायची काही गरज नाही.

मग आला लांडगा, आणि याला मी चार संध्याकाळी दिल्या. लॅपटॉप बंद केल्यावर साडेनऊ ते अकरा. पहिल्या दिवशी फक्त डोळे आणि तोंड. पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत डोळ्यांची आखणी सगळ्यात कसलेल्या हाताकडे असते आणि ती मूर्ती रंगवून झाल्यावर होते. इथे उलटं करावं असं माझं मत. लांडग्याचे डोळे खोबणीत आत असतात, रंग बाहेर सांडणारच. आधी डोळे केले की सांडलेला रंग नंतर चेहऱ्याच्या केसांखाली झाकता येतो. खोबण काळी, त्यात मधासारखा पिवळा ठिपका, त्यात काळा ठिपका. ठिपके दोन्ही डोळ्यांचे एकाच दिशेला बघणारे, एवढंच पथ्य. यासाठी ट्रिपल झीरोचा ब्रश घेऊ नका. त्याच्या टोकावरचा थेंब मॉडेलपर्यंत पोचेस्तोवर वाळतो. चांगलं टोक असलेला एक नंबरचा सेबल ब्रश घ्या, पोटात रंग धरतो आणि टोकातून सोडतो.

दुसऱ्या दिवशी अंगाचा रंग. यलो ऑकर, थोडा अंबर, किंचित पांढरा. पोटाकडे आणि पायांच्या आत पांढरा वाढवत न्यायचा. निसर्गात बहुतेक प्राणी असेच असतात, पाठ गडद आणि पोट फिकट. वरून ऊन आणि खालून सावली पडली की दोन्ही एकमेकांना पुसतात आणि प्राणी पार्श्वभूमीत मिसळतो. आपल्याला टेबलावर तो मिसळायला नकोय, म्हणून हे जरा बेताने. पण अजिबात केलं नाही तर लांडगा एकाच कापडातून कापलेला दिसतो. मग पातळ तपकिरी वॉश, जो केसांच्या खाचांत जाऊन बसतो. वॉश साचून डबकं झालं तर ओल्या ब्रशने लगेच उचला.

तिसरा आणि चौथा दिवस केसांचा. आता इथे लोकांचा पेशन्स संपतो, आणि इथेच सगळं आहे. नुसता ड्रायब्रश केला तर सगळे केस सारखेच उजळतात, लांडगा पिठात घोळल्यासारखा दिसतो. ड्रायब्रश हवाच, पण हलका. त्यावर टोकदार ब्रशने केसांच्या दिशेने छोट्या छोट्या रेघा ओढायच्या. मान, खांदे, शेपूट, एवढ्याच ठिकाणी. तीन छटा पुरतात. मानेवरून मागे, खांद्यावरून खाली, पोटाजवळ तिरके. दिशा चुकली की तुम्हाला का ते सांगता येणार नाही, पण डोळ्याला खटकेल. घरात मांजर असेल तर तिला बघून घ्या. शेवटी पाठीवर काळ्या टोकांच्या रेघा, मानेपासून शेपटीपर्यंत. रूमीच्या वाट्याचा काळा मी इथे भरभरून दिला.

गॉब्लिनबद्दल फार सांगत नाही. तो दीड संध्याकाळीत झाला. वाळक्या गवताच्या रंगावर हिरवी कातडी आपोआप उठून दिसते, त्यात हिरव्याच्या विरुद्ध लाल, म्हणून खोगिराखालचं कापड विटकं लाल. लगाम आणि पट्टे लांडग्याच्या अंगापेक्षा गडद. भाल्याच्या पात्याला चंदेरी, वर थोडा गंज. बास. स्वाराला यापेक्षा जास्त नटवलं की लांडगा परत नोकर होतो.

त्यानंतर बेस. जुन्या वॉरहॅमरमध्ये स्वाराचा बेस २५ बाय ५० मिलिमीटरचा आयत होता, ‘द ओल्ड वर्ल्ड’मध्ये घोडदळाला साधारण ३० बाय ६०. म्हणजे आगपेटीएवढी जमीन. त्यात मला अख्खं माळरान बसवायचं होतं. आमचा लांडगा झेप घेतोय, फक्त मागचे दोन पाय जमिनीवर. असं मॉडेल नुसत्या गोंदावर उभं राहत नाही. एक मिलिमीटरच्या हातड्रिलने पायात आणि बेसमध्ये भोक पाडायचं आणि आत पेपरक्लिपची तार घालायची. बेसखाली हार्डवेअरमधला जाड वॉशर चिकटवला की पुढे झुकणारं वजन सांभाळलं जातं.

दगडासाठी कॉर्कशीटचे तुकडे हाताने तोडायचे, कात्रीने नको. तुटलेली कड खडकासारखी दिसते. दख्खनचा दगड काळपट करडा, वर शेवाळाचे फिकट ठिपके. करड्या-काळ्यावर फिकट राखाडीचा ड्रायब्रश आणि दोन-चार हिरवट पांढुरके ठिपके, झाला आपला काळा पत्थर! जमिनीसाठी समोरच्या साइटवरची मूठभर वाळू चाळणीतून काढली, तव्यावर कोरडी भाजली आणि पाणी घातलेल्या फेविकॉलवर भुरभुरली. एका रात्रीत दगडासारखी बसते. त्यावर तांबूस तपकिरी, वर फिकट मातकट. बेससाठी स्टेशनरीच्या दुकानातले ॲक्रिलिक रंग खुशाल वापरा, महागाच्या बाटल्या वाया घालवू नका.

गवतासाठी परदेशी साइटवर तयार झुबके मिळतात, आणि ते छान असतातही. पण ते हिरवे असतात हो, स्कॉटलंडमधल्या कुरणासारखे. डिसेंबरातलं कुसळी गवत तसं नसतं. मी काथ्याची दोरी उसवली, बोटाच्या पेरापेक्षा कमी लांबीचे झुबके कापले आणि फेविकॉलमध्ये बुडवून उभे केले. सगळे एकाच बाजूला किंचित झुकलेले, वारा असल्यासारखे. तीनच झुबके. बेसवर रिकामी जागा सोडायला धीर लागतो, पण लांडग्याला धावायला जागा नको?

आणि आता या सगळ्यातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित ट्रिक. जमिनीचा जो शेवटचा फिकट मातकट रंग, तोच जवळजवळ कोरड्या ब्रशने लांडग्याच्या पंजांवर आणि पायाच्या खालच्या भागावर. थोडासा पोटावर. अगदी किंचित स्वाराच्या बुटांवर. एवढ्याने लांडगा बेसवर ठेवलेला न दिसता त्या जमिनीवरून धावत आलेला दिसतो. बेसची कड स्वच्छ गडद तपकिरी, नाकाच्या शेंड्याला आणि जिभेला चमकदार वार्निशचा एकेक थेंब, बाकी सगळीकडे ब्रशने मॅट वार्निशचे दोन हात. तेही दमट दिवशी एका दमात जाड लावलं तर पांढुरकं पडतं, तेव्हा पातळ लावा आणि मध्ये अख्खी रात्र जाऊ द्या.

गुरुवारी रात्री रूमी आली. फ्लॅटची डिपॉझिटची कटकट, बँकेचं काम, आईची पन्नास फोनकॉल्सवाली काळजी, सगळं डोक्यावर घेऊन. मी काही न बोलता सरदार टेबललॅम्पखाली ठेवला. ती खाली वाकली. स्वाराकडे तिने बघितलंच नाही, हे मी नोट केलं! बराच वेळ गवताकडे बघत होती. मग म्हणाली, ‘हा काथ्या आपल्या फ्लॅटमधल्या पायपुसण्याचा आहे का?’

होता. तिथून निघताना मी ते उचललं होतं. पायपुसणं कसलं, दोरखंडाची चक्ती होती ती.

‘डोळे लाल नाही केलेस.’

‘नाही.’

‘बरं केलंस,’ म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली. चहाला बराच वेळ लागला. मी आत गेले नाही.

पॅकिंगचं सांगते, कारण खूप जण इथे घोळ घालतात. बेसखाली वॉशरशेजारी छोटे निओडिमियम चुंबक चिकटवायचे आणि मॉडेल पत्र्याच्या डब्यात उभं करायचं. स्वयंपाकघरातला स्टीलचा डबा घेऊ नका, बऱ्याचशा स्टीलला चुंबक चिकटतच नाही. बिस्किटांचा पत्र्याचा डबा बेस्ट. चारी बाजूंना मऊ फोम, पण मॉडेलला न टेकणारा. डबा केबिन बॅगेत, चेक-इनमध्ये कधीही नाही. रंगांच्या पाण्यावरच्या बाटल्या चेक-इनमध्ये नीट पॅक करून जातात, स्प्रे प्रायमर मात्र विमानात चालत नाही, तो इथेच कुणाला तरी देऊन टाका. मला मिळाला. रूमीच्या बॅगेत सरदाराचा डबा मेतकूट आणि चकलीच्या मध्ये बसला.

सोमवारी आइंडहोवनहून मेसेज आला : ‘लांडगा शाबूत, शेपूट शाबूत. भाला वाकलाय. काय करू?’ रेझिन आहे, म्हटलं. कढत पाण्यात अर्धा मिनिट धर, बोटाने सरळ कर आणि लगेच गार पाण्यात बुडव. फक्त भालाच बुडव, गवत भिजवू नकोस.